यंत्रातला षड्ज : चरणजित सिंग यांचे दहा राग कसे ऐकावेत

१९८२ साली एचएमव्हीच्या, म्हणजे ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाच्या शिक्क्याखाली एक एलपी बाजारात आली. नाव होते 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' आणि वादक होते चरणजित सिंग. मुंबईत हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार, बास आणि कळफलकाची वाद्ये वाजवणारे ते कसलेले वादक. शंकर-जयकिशन, आर. डी. बर्मन यांच्या ध्वनिमुद्रणांत ते वाजवत आले होते. डिस्कोचा तो काळ होता. त्यांनी तबला बाजूला ठेवला, जपानी यंत्रांवर डिस्कोचा ठेका लावला आणि त्यावर भैरवपासून बैरागीपर्यंत दहा राग वाजवले. रेकॉर्ड फारशी खपली नाही.

पुढे २००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली. २०१० साली 'बॉम्बे कनेक्शन' या आपल्या लेबलवरून त्यांनी ती पुन्हा प्रकाशित केली आणि एकच चर्चा सुरू झाली : ॲसिड हाउस, म्हणजे नाचघरांतल्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा एक प्रकार, शिकागोत जन्मले, असे सगळे म्हणतात, पण त्याच टीबी-३०३ या यंत्राचा तोच आवाज मुंबईत पाच वर्षे आधी निघालेला आहे! कुणाला तर हा सगळा आजच्या एखाद्या संगीतकाराचा बनाव वाटला. चरणजित सिंग तेव्हा हयात होते. शेवटच्या काही वर्षांत युरोपातल्या रंगमंचांवर त्यांनी हे राग पुन्हा वाजवले आणि २०१५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

'पहिले कोण' हा वाद मला या रेकॉर्डवर अन्याय करणारा वाटतो. शिकागोच्या 'फ्यूचर' या त्रयीची 'ॲसिड ट्रॅक्स' १९८७ साली आली. त्या मुलांनी चरणजित सिंगांचे नावही ऐकलेले नव्हते आणि चरणजित सिंगांना त्यांच्या नाचघरांशी काही देणेघेणे नव्हते. वादाच्या नादात लोक ही रेकॉर्ड दोन मिनिटे ऐकतात, 'अरे हो, तोच आवाज' म्हणतात आणि पुढे जातात. हिच्यात राग आहेत, ते नेटके वाजवलेले आहेत आणि ते ऐकण्याची शिदोरी मराठी श्रोत्याकडे घरातूनच आलेली असते. नाट्यसंगीत, आकाशवाणी, गणपतीतले कार्यक्रम, शेजारच्या काकूंचा पेटीचा क्लास, कुठून तरी यमन आणि भूप कानावर पडलेलेच असतात.

तेव्हा ही रेकॉर्ड रागाच्या बाजूने कशी ऐकावी, ते सांगतो. याला साधारण दहा दिवस लागतील, रोज अर्धा तास. एका बैठकीत सगळी ऐकू नका. दहाही तुकड्यांचा ठेका आणि ध्वनीचा पोत इतका सारखा आहे की तिसऱ्या-चौथ्या रागानंतर कान फक्त ठेकाच ऐकू लागतो.

प्रत आणि साधने

मूळ १९८२ची प्रत दुर्मिळ आहे. चोरबाजारात किंवा जुन्या रेकॉर्डच्या दुकानात मिळालीच तर आनंद आहे, पण ऐकण्यासाठी तिच्यामागे लागायची गरज नाही. दहा तुकडे आणि सुमारे पन्नास मिनिटांचे संगीत एका तबकडीवर बसवायचे, तर एका बाजूला पंचवीसेक मिनिटे येतात. इतके संगीत बसवायला खाचा जवळजवळ कापाव्या लागतात, त्यामुळे आवाजाची पातळी आणि खर्ज, म्हणजे खालचे सूर, दोन्ही कमी ठेवावे लागतात. शिवाय तबकडीच्या मध्याकडे जाताना खाच आखूड होत जाते, म्हणून प्रत्येक बाजूचा शेवटचा तुकडा जरा चिरका लागतो. पुनर्मुद्रित प्रत घेताना संगीत किती तबकड्यांवर विभागले आहे ते बघा. दोन तबकड्यांवर असेल तर खर्जाला जागा मिळते. डिजिटल प्रत घेतली तर हा प्रश्नच उरत नाही आणि या लेखातल्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर करता येतात.

रेकॉर्ड प्लेयरवर ऐकणार असाल तर आधी वेग तपासा. मी जुना प्लेयर विकत घेतला तेव्हा दुकानदाराने 'एकदम ओके' म्हणून दिला होता. महिनाभर मी त्यावर राग ऐकले आणि तानपुऱ्याच्या ॲपशी षड्ज, म्हणजे सा, काही केल्या जुळेना. यंत्र सरळ तीनेक टक्के जोरात फिरत होते. वेग सहा टक्के वाढला की अख्खा अर्धस्वर चढतो. तीन टक्क्यांत सूर दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी लटकतो, आणि ते सर्वांत वाईट. तपासणी सोपी आहे. एलपी मिनिटाला तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे. चकतीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवा, मोबाइलवर १८० सेकंद लावा आणि फेरे मोजा. १०३ भरले तर वेग कमी करायचा स्क्रू फिरवा.

फोनच्या स्पीकरवर ही रेकॉर्ड ऐकू नका. त्यातून खालचा खर्ज उमटतच नाही आणि इथे अर्धी गोष्ट खर्जात आहे. साधे वायरवाले हेडफोन पुरतात. याखेरीज तानपुऱ्याचे एखादे ॲप, वही-पेन्सिल आणि शक्य असल्यास पेटी, छोटा कीबोर्ड किंवा फोनवरचे कळफलकाचे ॲप हाताशी ठेवा. पेटी येत नसली तरी चालेल, नुसते बोट ठेवता आले की झाले.

तीन यंत्रे

रेकॉर्डवर रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे आहेत. प्रत्येकाचा आवाज वेगळा काढता आला पाहिजे, म्हणून ही ओळख नीट करून घ्या.

टीआर-८०८ हे ठेक्याचे यंत्र. १९८० साली आले, १९८३ मध्ये बंद झाले, एकूण बारा हजारांच्या आसपास बनले. यात ढोलाचे, टाळीचे, घंटेचे खरे ध्वनिमुद्रण काहीही नाही, सगळे आवाज विद्युतमंडलांतून तयार होतात. पुढच्या बाजूला सोळा बटणे ओळीने आहेत, चार-चारच्या रंगीत गटांत : तांबडी, नारिंगी, पिवळी, पांढरी. हवे ते बटण दाबले की त्या जागी आवाज पडतो. सोळा आणि चार-चारचे गट म्हटले की आपल्याला लगेच तीनताल आठवतो, पण थांबा. इथली सोळा घरे म्हणजे चार ठोक्यांचे बारीक तुकडे आहेत. तीनतालाच्या सोळा मात्रा भरायला अशी चार चक्रे लागतात. हे पुढे उपयोगी पडणार आहे.

ज्युपिटर-८ हा मोठा सिंथेसायझर, १९८१चा. एका वेळी आठ स्वर वाजवू शकतो. रागाची मुख्य सुरावट त्याच्यावर आहे. त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे, आणि घसरण किती सावकाश हवी तेही ठरवता येते. शिवाय डाव्या हाताशी स्वर वाकवण्याची दांडी आहे. पेटीला जे कधीच जमले नाही, ते या यंत्राला थोडेफार जमते.

आणि टीबी-३०३. हे चिमुकले चंदेरी यंत्र तादाओ किकुमोतो यांनी रचले. एकट्या गिटारवादकाला सरावासाठी बासची साथ मिळावी, हा त्याचा हेतू. १९८१ साली आले, खऱ्या बाससारखे वाजेना म्हणून खपले नाही आणि १९८४ पर्यंत दहा हजारांच्या आसपास नग बनून थांबले. मग ते वापरलेल्या मालाच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागले आणि शिकागोच्या पोरांच्या हाती पडले.

या ३०३मध्ये सुरावट भरायची पद्धत अवघड आहे आणि ती कळली की रेकॉर्ड ऐकण्याची दृष्टी बदलते. यात कळ दाबत वाजवत जायचे नसते. आधी सगळे स्वर ओळीने भरायचे, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करून त्यांची लय वेगळी भरायची. म्हणजे बंदिशीचे सूर आधी पाठ करायचे आणि मात्रा नंतर. प्रत्येक स्वराला तीन गोष्टी जोडता येतात : सप्तक वर-खाली करणे, आघात देणे आणि पुढच्या स्वरावर घसरणे. ही घसरण मींडेसारखी, म्हणजे गवई एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जातो तशी वाटते, पण हिला वेळ ठरलेला असतो. अंतर एका स्वराचे असो की अख्ख्या सप्तकाचे, यंत्र जवळजवळ तेवढ्याच वेळात पोचते. म्हणून लांबची घसरण झपकन येते आणि जवळची जरा रेंगाळल्यासारखी वाटते. माणसाची मींड नेमकी उलटी असते, आपण लांब जाताना वेळ घेतो.

हे ध्यानात घेतले की चरणजित सिंगांचे काम डोळ्यांपुढे उभे राहते. रागात बसणारे स्वर निवडायचे, ते सोळा घरांत मावतील असे रचायचे, कुठे घसरायचे ते ठरवायचे आणि मग ते चक्र फिरत असताना वर दुसऱ्या हाताने राग उलगडायचा. यंत्रे एकमेकांना जोडण्याची आजची सर्वमान्य पद्धत, मिडी, तेव्हा यायची होती. ती १९८३ मध्ये आली. रोलँडच्या यंत्रांना आपापसात लय जुळवणारी एक केबल होती, ८०८ आणि ३०३ तिच्यावर एकत्र चालत.

सराव एका रागावर : भूप

सुरुवात रेकॉर्डच्या पहिल्या तुकड्याने करू नका. तिसरा लावा, भूपाळी. यात फक्त पाच स्वर आहेत, सा रे ग प ध, सगळे शुद्ध. घरी मी हा पहिल्यांदा स्पीकरवर लावला तेव्हा आई स्वयंपाकघरात होती. दोनेक मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाली, "हे काय वाजतंय रे? भूप आहे ना?" तिला वाद्य कुठले ते कळत नव्हते, राग मात्र कळला होता. तिथून माझे खरे ऐकणे सुरू झाले.

एकच तुकडा पाच वेळा ऐकायचा आहे. पाच-पाच मिनिटांचे पाच फेरे.

पहिल्या फेरीत फक्त ठेका. ठोके मोजा : अर्ध्या मिनिटात किती पडतात ते मोजून दुप्पट करा आणि वहीत लिहा. मग हातावर तीनताल धरा, धा धिं धिं धा, प्रत्येक ठोक्याला एक मात्रा. ठेक्याची चार चक्रे संपली की तुमचे एक आवर्तन पुरे होईल. लय मिनिटाला १२० असेल तर आवर्तन बरोबर आठ सेकंदांचे. यंत्राला सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, माहीत नाही, त्याचा पहिला ठोका आणि नववा ठोका सारखाच. सम तुम्ही ठरवायची आहे. मुख्य सुरावटीचा एखादा तुकडा जिथे ठामपणे येऊन टेकतो तिथे सम धरा आणि पुढच्या आवर्तनांत ती टिकते का ते बघा. कुठे टिकेल, कुठे निसटेल. निसटली ती जागा वहीत लिहा. मला या रेकॉर्डवरच्या सगळ्यांत रंजक जागा अशाच सापडल्या आहेत.

दुसऱ्या फेरीत फक्त खालची ओळ, ३०३ची. सुरुवातीला ती ठेक्यात मिसळलेली वाटेल. हेडफोनवर डोळे मिटून, वरच्या सुरावटीकडे मुद्दाम दुर्लक्ष करा. चक्र कुठे सुरू होते, कुठे पुन्हा येते, ते पकडा. मग ते तोंडाने म्हणून बघा, सरगम नाही आली तरी 'दुं दुं' चालेल. गळ्यातून गेल्याशिवाय ही ओळ कानात राहत नाही.

तिसऱ्या फेरीत तानपुरा लावा. ॲपमध्ये पट्टी बदलत जा आणि खालच्या ओळीत वारंवार परत येणाऱ्या स्वराशी तारा जुळवा. ध्वनिमुद्रणाचा सूर पट्टीपासून किंचित इकडे-तिकडे असू शकतो, ॲपमध्ये बारीक जुळणीची सोय असते, ती वापरा. षड्ज सापडला की तो गुणगुणत पूर्ण तुकडा ऐका.

इथे जरा थांबायला हवे, कारण हा या सगळ्या प्रपंचाचा गाभा आहे. कीबोर्डवर किंवा पेटीवर फक्त काळ्या पट्ट्या वाजवा. काळी तीन, म्हणजे तीन काळ्यांच्या गटातली पहिली, षड्ज धरली तर त्या पाच पट्ट्यांत भूप मिळतो. आता काळ्या पट्ट्या त्याच ठेवा, फक्त षड्ज काळी पाचला न्या : सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. हा मालकंस. षड्ज काळी चारला न्या : सा, रे, म, प, कोमल नी. मेघ. एकही पट्टी बदलली नाही आणि संध्याकाळचा शांत भूप मध्यरात्रीचा गंभीर मालकंस झाला, पावसाचा मेघ झाला. शास्त्रात याला मूर्च्छना म्हणतात. मैफलीत हा घोळ होत नाही, कारण तानपुरा सतत षड्ज सांगत असतो. डिस्कोच्या ठेक्यावर हे काम कुणी करायचे? ३०३च्या खालच्या ओळीने. भूपाळी, मेघमल्हार आणि मालकंस हे तिन्ही राग या रेकॉर्डवर आहेत. तिन्हींचा खर्ज लागोपाठ ऐका आणि बघा, वरची सुरावट क्षणभर झाकून टाकली तरी खालच्या ओळीवरून षड्ज ओळखता येतो का. जिथे येतो तिथे चरणजित सिंगांनी यंत्राला तानपुरा केले आहे, असे मी म्हणेन. ॲसिड हाउसच्या मंडळींनी हे काम यंत्राकडून घेतले नाही, त्यांना ते घ्यायचेही नव्हते. त्यांनी यंत्राच्या खुंट्या चालू ठेक्यात पिळल्या आणि आवाजच रंगवत नेला. इथे खुंट्या बऱ्याचशा स्थिर आहेत, वीण स्वरांची आहे.

चौथ्या फेरीत वरची सुरावट. वादी, म्हणजे रागाचा मुख्य स्वर, गंधार आणि संवादी, म्हणजे त्याच्या खालोखालचा, धैवत यांच्याकडे लक्ष द्या, स्वर तिथे थांबतात का ते बघा. घसरण कुठे वापरली आहे आणि कुठे नुसते स्वर ठेवले आहेत, ते लिहा. घसरणीतही फरक करा. बोट एका पट्टीवरून दुसरीवर गेल्यामुळे झालेली घसरण एका वेगाची असते. दांडीने वाकवलेला स्वर हाताने नेलेला असतो, म्हणून त्याचा वेग बदलतो.

पाचवी फेरी नुसती ऐकायची. वही बंद, तानपुरा बंद.

श्रुतींचा प्रश्न

जाणकार म्हणतील, यंत्राचे स्वर समान अंतराचे, श्रुती म्हणजे स्वरांमधल्या बारीक जागा त्यात नाहीत, मग त्यात राग कसा लागेल? प्रश्न रास्त आहे आणि जुनाही आहे. याच कारणांसाठी, मींड येत नाही आणि स्वर ठोकळ्यासारखे उभे राहतात म्हणून, आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमला बंदी घातली होती, ती १९७१ पर्यंत टिकली. तोवर महाराष्ट्रात पेटीने नाट्यसंगीतात आणि ख्यालाच्या साथीला आपली जागा पक्की केली होती.

हा फरक कानाने तपासता येतो. तानपुऱ्याच्या तारांतून आपोआप उमटणारा गंधार हा समान अंतराच्या गंधारापेक्षा सुमारे चौदा सेंटने खाली असतो. अर्धस्वराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा. भूप किंवा यमन तानपुऱ्याबरोबर ऐकताना सिंथेसायझरचा गंधार लांबला की तारांशी तो किंचित थरथरतो. ती थरथर ऐकू आली की तुमचा कान तयार आहे असे समजा. ती बोचते की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. मला भूपात बोचत नाही. तोडीत बोचते. तोडीचा कोमल गंधार गवई इतका खाली नेतात की त्याला अतिकोमल म्हणतात, आणि त्याच्यावरची ती हलकी डोलणी हाच तोडीचा जीव. यंत्राच्या पट्टीवर तो गंधार नाही. भैरवातल्या रिषभ-धैवताच्या आंदोलनाचेही तसेच. इथे वादकाने दांडी आणि घसरण वापरून स्वराच्या आजूबाजूला फिरायचा प्रयत्न केला आहे. तो कुठे साधला आणि कुठे नुसता कंप झाला, हे ऐकायला एखाद्या गवयाचा तोच राग आधी दहा मिनिटे ऐका आणि लगेच हा तुकडा लावा. उलट क्रमाने ऐकू नका. गायन नंतर आले की यंत्रावर उगाच राग येतो.

रागांना त्यांची वेळ द्या

रेकॉर्डवरचा क्रम वेळेचा नाही. भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी असा तो आहे. डिजिटल प्रत असेल तर आपली यादी करा आणि शक्य तितक्या वेळेवर ऐका. निदान सुटीच्या दिवशी.

पहाटे उठणे होत असेल तर ललत. रेकॉर्डवरचे नाव 'ललित', आपण ललतही म्हणतो. यात पंचम नाही आणि शुद्ध-तीव्र असे दोन्ही मध्यम शेजारी शेजारी लागतात. कळफलकावर त्या लागोपाठच्या दोन पट्ट्या आहेत, त्यामुळे हा राग वाजवायला सोपा आणि खुलवायला फार कठीण. तानपुऱ्याचे ॲप पंचमावर राहू देऊ नका, मध्यमावर लावा, नाहीतर पंचमाची तार सगळ्यावर बोळा फिरवेल. मालकंसातही हेच करायचे.

उजाडताना भैरव आणि लगोलग बैरागी. दोन्हींत कोमल रिषभ आहे. भैरवात शुद्ध गंधार, कोमल धैवत, शुद्ध निषाद. बैरागीत गंधार आणि धैवत दोन्ही गाळलेले, निषाद कोमल. पंडित रविशंकरांनी हा राग प्रचारात आणला. रिषभ तोच, पण गंधार, धैवत आणि निषाद वेगळे, असे दोन राग शेजारी ठेवले की त्या एका रिषभाचा रंग कसा बदलतो ते कळते. माझ्या मते बैरागी हा या रेकॉर्डवरचा सर्वांत जमलेला तुकडा आहे. पाच स्वर, त्यात आंदोलनाची मागणी कमी, आणि सोळा घरांच्या चक्रात तो चपखल बसतो. एकूणच इथे पाच स्वरांचे राग निम्मे आहेत : भूपाळी, मेघमल्हार, कलावती, मालकंस, बैरागी. यंत्राच्या मर्यादा ओळखून केलेली ही निवड मला वाटते.

न्याहारीनंतर तोडी, त्याविषयी वर सांगितलेच. दुपार कलताना मधुवंती : कोमल गंधार, तीव्र मध्यम, आणि आरोहात रे-ध नाहीत. या रागात गंधार ते तीव्र मध्यम ही लांब उडी आहे. ३०३ची झपकन जाणारी घसरण अशा उडीवर कशी लागते, ते खालच्या ओळीत शोधा.

संध्याकाळी यमन आणि भूप. आपल्याकडे 'भूपाळी' म्हटले की देवाला जागवणारी पहाटेची गाणी आठवतात, पण भूप राग रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. यमन ऐकताना षड्ज टाळून निषादावरून उठणारी 'नि रे ग' ही चाल पकडा. ठेका षड्जावर ठोकत असताना सुरावट निषादावरून उठते, तेव्हा दोघांत जो ताण पडतो तो मैफलीत कधी ऐकायला मिळत नाही, कारण तिथे तबला स्वराच्या बाबतीत इतका हट्टी नसतो.

रात्री कलावती. रिषभ-मध्यम नाहीत, कोमल निषाद आहे, राग मूळचा कर्नाटक संगीतातला. नाच सगळ्यांत सहज इथे सुचतो, तर नाचा. बसून ऐकण्याचे बंधन या रेकॉर्डला नाही, ती मुळात डिस्कोच्या ठेक्यावर केलेली आहे.

मालकंस सर्वांत शेवटी, दिवे मालवून. हा राग संथ आलापीत मुरवायचा, मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, तासभर राहायचा. पाच मिनिटांत आणि डिस्कोच्या ठेक्यावर तो कसा होणार, असे मलाही वाटत होते. ऐकताना वरचा ठेका सोडून द्या आणि खर्जातल्या मध्यमाची वाट बघा. खालच्या ओळीत तो जितक्या वेळा येतो, तितक्या वेळा वरच्या सुरावटीत त्यावर काय घडते, एवढेच लिहा. दोन-तीन रात्री मी हेच केले. तिसऱ्या रात्री ठेका मला ऐकूच येईनासा झाला आणि फक्त मध्यम उरला.

दहापैकी एक राग उरतो, मेघमल्हार. तो यादीत घालू नका. जूनमध्ये पहिली सर येईल तेव्हा खिडकी उघडून लावा, आवाज जरा वाढवून, कारण पत्र्यावरच्या पावसात ३०३चा खर्ज बुडतो.